जमिनीला अडीच वर्षं, फेलोशिपला दोन: भूकवचाच्या आजच्या हालचालींवर पोस्टडॉक करायचं असेल तर

प्रबंध जमा झालाय, तोंडी परीक्षेची तारीख यायची आहे आणि घरी ‘आता पुढे काय’ सुरू झालंय, अशा अवस्थेतली मुलंमुली ठाण्याहून, डोंबिवलीहून, पनवेलहून मला भेटायला येतात. बहुतेकांना जीपीएसने जमिनीची हालचाल मोजायची असते आणि बहुतेकांच्या वहीत एकच बेत असतो. सह्याद्रीत पाच-सहा नवी स्टेशनं उभारायची, दोन वर्षं मोजायचं आणि शोधनिबंध लिहायचा. मी त्यांना आधी एक हिशोब करायला लावते.

एखाद्या ठिकाणाची जमीन वर्षाला किती मिलिमीटर सरकते हे खात्रीने सांगायचं, तर किमान अडीच वर्षांची सलग मोजणी हवी. जेफ्री ब्ल्युइट आणि डेव्हिड लाव्हाले यांनी २००२ साली हे गणिताने दाखवून दिलं. त्याहून कमी काळ मोजलं, की पावसाळ्या-उन्हाळ्याचा चढउतार गतीत मिसळतो आणि आकडा फसवतो. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची फेलोशिप, साधारण दोन वर्षांची असते. त्यातले पहिले सहा-आठ महिने खरेदी, परवानग्या आणि जागा शोधण्यात जातात. म्हणजे तुमचं स्टेशन पहिला विश्वासार्ह आकडा देईल, तेव्हा तुम्ही दुसऱ्या गावी दुसऱ्या नोकरीत असाल.

म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका: मोजणी जुनी, प्रश्न नवा. पुढचं सगळं याच्या आधाराने वाचा.

आधी कुठल्या हालचालीबद्दल बोलतोय ते ठरवा

ठाण्याहून पनवेलची लोकल पकडा आणि ऐरोली सुटल्यावर डावीकडे बघत राहा. पारसिकचा डोंगर लागतो. तो दख्खनच्या बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माथेरानला गेलात तर हेच लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, पायऱ्यांसारखे रचलेले दिसतात. किनाऱ्याकडे येता येता ते समुद्राच्या बाजूला कलतात. या वाकलेल्या पट्ट्याला भूशास्त्रात पनवेलचंच नाव आहे, पनवेल फ्लेक्श्चर. गणेशपुरी, वज्रेश्वरी आणि अकलोलीची गरम पाण्याची कुंडं याच किनारपट्टीच्या भेगाळलेल्या प्रदेशात येतात.

इथेच नवखे फसतात. थर वाकलेले आहेत, कुंडं गरम आहेत, म्हणजे जमीन हलत असणार, असं ते प्रस्तावात लिहून टाकतात. थर वाकले ते कोट्यवधी वर्षांपूर्वी. ‘आजची हालचाल’ म्हणजे आपण यंत्राने मोजू शकतो ती, गेल्या काही वर्षांतली किंवा दशकांतली. पनवेलच्या जमिनीत वाकल्याची खूण आहे. ती आजही वाकते आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. प्रस्ताव तपासणारा माणूस पहिल्याच पानावर हा गोंधळ ओळखतो.

आता आजच्या हालचालीचे आकडे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं जीपीएस स्टेशन पृथ्वीच्या आंतरराष्ट्रीय संदर्भ चौकटीत (जगभरच्या जागा ज्या एकाच मापात मांडतात तिच्यात) वर्षाला सुमारे साडेपाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतं. हैदराबादचंही जवळपास तेवढंच, आणि पनवेलही त्याच प्रवाहात आहे. अख्खं द्वीपकल्प जवळजवळ एका तुकड्यासारखं चाललंय. पनवेल आणि बंगळुरू यांच्यातलं अंतर वर्षाला किती बदलतं असं विचारलं, तर उत्तर मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. हिमालयाची गोष्ट वेगळी. तिथे डोंगरांच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटरचं आकुंचन होत राहतं. म्हणून विषय निवडताना ‘माझं गाव कुठे’ हे मागे ठेवा आणि ‘माझा संकेत, म्हणजे मला मोजायची हालचाल, माझ्या मोजणीच्या त्रुटीपेक्षा मोठा आहे का’ हे आधी विचारा.

प्रश्न निवडणं

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एक महिना गेला तरी चालेल.

भूपट्टांच्या, म्हणजे भूकवचाच्या मोठमोठ्या तुकड्यांच्या हालचालीतच रस असेल, तर हिमालय आणि अंदमान हे दोन प्रदेश भरपूर काही देतात. नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा-अंदमान भूकंप, दोन्हींचा आधीचा आणि नंतरचा डेटा आहे. भूकंपानंतर जमीन कित्येक वर्षं हळूहळू सरकत राहते. त्या सरकण्यातून खालच्या थरांचा चिकटपणा काढता येतो. हे काम पनवेलच्या टेबलावर बसून होतं, त्यासाठी नवं स्टेशन लागत नाही.

महाराष्ट्रातच काम करायचं असेल, तर माझं मत ठाम आहे: पाण्याचा प्रश्न घ्या. कोयनेचा शिवाजीसागर १०५ टीएमसीचा, म्हणजे भरला की सुमारे तीनशे कोटी टन पाणी. दर पावसाळ्यात तेवढं वजन जमिनीवर येतं आणि उन्हाळ्यापर्यंत त्यातलं बरंचसं उतरतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा कोयनेचा भूकंप हे जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आहे. पण धरणापुरतंच थांबू नका. सगळा पश्चिम भारतच पावसाळ्यात मातीतल्या आणि भूजलातल्या पाण्याच्या वजनाने किंचित दबतो आणि कोरड्या महिन्यांत वर येतो. ग्रेस उपग्रहांची जोडी २००२ ते २०१७ आणि त्यानंतर ग्रेस-एफओ २०१८ पासून गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून हे पाणी मोजतेय. जीपीएसची उभी हालचाल आणि ग्रेसचं पाणी एकमेकांशी ताडून पाहणं हा दोन वर्षांत पुरा होणारा, नेटका प्रश्न आहे. शिवाय गतीसाठी लागणारी अडीच वर्षांची अट इथे तेवढी जाचत नाही, कारण इतर लोक जो हंगामी चढउतार गाळून टाकतात, तोच तुम्हाला हवा असतो.

तिसरा रस्ता रडार उपग्रहांचा, म्हणजे इनसारचा. सेंटिनेल-१ चा डेटा फुकट मिळतो आणि २०१४ पासूनचा साठा आहे. त्याची रडारलहर साडेपाच सेंटीमीटरची, त्यामुळे चित्रातला एक रंगपट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटीमीटर हालचाल. सह्याद्रीच्या झाडीत आणि पावसाळ्यात ही लहर गोंधळते. इस्रो-नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची एल-बँड लहर सुमारे २४ सेंटीमीटरची असल्याने झाडीतून ती जास्त तग धरते. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या भूकंपांची जी मालिका सुरू झाली, तशा ठिकाणांसाठी हे साधन मोलाचं ठरावं.

नवी मुंबईबद्दल एक सावधगिरी. इमारती रडारला छान दिसतात, त्यामुळे वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या भरावाचे सुंदर नकाशे तयार होतात. पण भराव दबणं म्हणजे खालचा चिखल आवळणं. ती भूकवचाची हालचाल नव्हे. विषय म्हणून तो उत्तम आहे, शहराच्या उपयोगाचाही आहे, फक्त त्याला भूपट्टांचं नाव देऊ नका.

कुठे जायचं

आपल्या भागात नाव घ्यायचं तर नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही संस्था १९७१ पासून स्वायत्त आहे, पण तिची मुळं कुलाबा वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजणी बिघडू नये म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली, आणि अलिबागची नोंद आजही चालू आहे. त्या स्थलांतराची धुरा वाहिली ती कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी. संस्थेची पोस्टडॉक फेलोशिप त्यांच्याच नावाने आहे. तिथे जीपीएसचं काम आणि आयनोस्फियरचं (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचं) काम एकाच छताखाली चालतं. याचा फायदा काय, ते पुढे कळेल.

पवईची आयआयटी ठाण्याहून जवळ. राज्याबाहेर हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था आणि गांधीनगरची भूकंप संशोधन संस्था या मुख्य जागा. कोयनेसाठी कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खोल विवरांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे.

पैशाचे मार्ग तीन प्रकारचे: संस्थेची स्वतःची फेलोशिप, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप (पूर्वी ही एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती), आणि एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रकल्पातलं रिसर्च असोसिएटचं पद. महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज पोस्टडॉक फेलोशिप वेगळी आहे. मुलांमुळे, आजारपणामुळे खंड पडला असेल तर ती नक्की बघा आणि खंडाबद्दल प्रस्तावात सरळ लिहा. वयोमर्यादा, रक्कम आणि मुदत त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नको. पदवी हातात नसली तरी प्रबंध जमा झाल्याच्या दाखल्यावर काही योजना अर्ज घेतात.

शास्त्रज्ञांना लिहायचं पत्र

‘आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ अशी पत्रं त्यांना रोज येतात. तुमच्या पत्रात तीन परिच्छेद पुरे. त्यांचा कुठला निबंध वाचला आणि त्यात कुठला प्रश्न मोकळा राहिला असं वाटतं. तो सोडवायला कुठला डेटा आधीच उपलब्ध आहे. तुम्हाला काय येतं आणि काय येत नाही. शेवटचं लिहायला लाजू नका. मला पत्र आलं, तर मी आधी तोच परिच्छेद वाचते. बरोबर एक चित्र जोडा: तुम्ही स्वतः प्रोसेस केलेल्या एखाद्या सार्वजनिक स्टेशनची टाइम सिरीज, म्हणजे रोजच्या जागेचा आलेख. दहा शिफारसपत्रांपेक्षा ते जास्त बोलतं.

पत्राला उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा, दोन ओळींचं आठवणपत्र पाठवा आणि दरम्यान दुसऱ्या जागी लिहा.

पहिले तीन महिने: ज्याचं उत्तर माहीत आहे तेच करा

रुजू झाल्यावर लगेच नव्या शोधामागे धावू नका. लिनक्स आणि पायथन कच्चं असेल तर ते पक्कं करा. मग गॅमिट-ग्लोबके, बर्नीज, जिप्सी-एक्स किंवा प्राइड या जीपीएस प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरपैकी तुमच्या गटात जे चालतं ते घ्या. ‘सगळ्यात चांगलं कुठलं’ या वादात पडू नका. अडल्यावर शेजारच्या टेबलावरून ज्याचं उत्तर मिळेल, ते तुमच्यासाठी चांगलं.

आता अभ्यास असा. बंगळुरूच्या स्टेशनचा २००४ आणि २००५ चा डेटा उतरवून घ्या. जोडीला हैदराबाद आणि ल्हासा घ्या. रोजची जागा काढा आणि आलेख मांडा. २६ डिसेंबर २००४ ला पूर्वेकडच्या रेषेत सुमारे सेंटीमीटरभराची उडी दिसली पाहिजे. दोन हजार किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपाने दक्षिण भारत जागेवरून हलवला, त्याची ती खूण. मला ती पहिल्यांदा माझ्या आलेखात दिसली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पनवेलहून ठाण्याची शेवटची गाडी चुकेल की काय या काळजीतही मी पाच मिनिटं नुसती बघत बसले होते. नंतर तुमची सिरीज नेव्हाडा विद्यापीठाच्या भूमापन प्रयोगशाळेने सार्वजनिक ठेवलेल्या सिरीजशी ताडा. जुळत नसेल, तर चूक तुमच्याकडे आहे असं धरून शोधायला लागा. बहुतेक वेळा अँटेनाचं मॉडेल, संदर्भ चौकट किंवा समुद्राच्या भरतीचा भार यांतलं काहीतरी राहिलेलं असतं.

फील्ड

नवी स्टेशनं नाहीत म्हणजे फील्ड नाही, असं नव्हे. जुन्या खुणांवर दरवर्षी पुन्हा मोजणी होते आणि तिथे तुम्हाला जावं लागेल, जायलाच हवं. कातळात भोक पाडून रोवलेली स्टीलची खूण, तिच्यावर तिपाई, तिपाईवर अँटेना, शेजारी रिसीव्हर, बारा व्होल्टची बॅटरी आणि सोलर पॅनल. एका जागी किमान तीन दिवस, आणि दरवर्षी शक्यतो त्याच महिन्यात, म्हणजे हंगामाचा फरक आड येत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

मोजणीचा दिवस यूटीसीने धरतात, आणि तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. त्यामुळे सकाळी नाश्ता करून नऊला यंत्र लावलं, तर तो पहिला दिवस अपुराच राहतो. आदल्या संध्याकाळी लावा.

अँटेनाची उंची. यावर मला थोडं जास्त बोलू द्या, कारण पीएचडीच्या दिवसांत माझं एक अख्खं वर्ष यात वाया गेलं. टेपने आपण खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंत तिरकी उंची मोजतो. मी ती मोजली १.३०० मीटर, आणि वहीत फक्त ‘उंची’ असं लिहिलं. प्रोसेसिंगच्या वेळी ती उभी उंची म्हणून गेली. चोकरिंग (गोल कड्यांच्या) अँटेनाची त्रिज्या १९ सेंटीमीटर धरली, तर खरी उभी उंची १.२८६ मीटर येते. चौदा मिलिमीटरची चूक. मी त्या ठिकाणी जमीन खाली दबल्याचं चित्र काढलं, ते बैठकीत दाखवलं, आणि कुणीतरी फील्डवही मागितली. त्या दिवसापासून मी उंची तीन बाजूंनी मोजते, लावताना आणि काढताना दोन्ही वेळा. ‘तिरकी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिते आणि टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हे करा.

गावात गेलात की आधी ग्रामपंचायतीत जा, सरपंचांना भेटा, शाळेतल्या गुरुजींना यंत्र दाखवा. टॉवर बसवणार का, जमीन घेणार का, असे प्रश्न येतात आणि ते रास्त आहेत. कोयनेच्या बाजूला एका आजींनी मला विचारलं, “पोरी, परत हालंल का गं?” त्यांनी सदुसष्टची पहाट पाहिलेली. मी सांगितलं, “आजी, कधी हालेल ते कुणालाच सांगता येत नाही. आम्ही जमीन किती सरकते ते मोजतोय, घर पक्कं बांधायला त्याचा पुढे उपयोग होईल.” त्या म्हणाल्या, “मग नीट मोज,” आणि ताक आणून दिलं. तारीख सांगू नका, धीर देण्यासाठी ‘आता काही होणार नाही’ असंही सांगू नका. खरं तेवढंच बोला.

त्रुटी

गतीपुढे ± लिहून जो आकडा सॉफ्टवेअर देतं, तो जवळजवळ नेहमीच खोटा धीर देतो. रोजच्या जागेतला गोंधळ (नॉइज) एका दिवसापुरता नसतो. कालची चूक आजच्या चुकीला धरून चालते. हे दुर्लक्षून निव्वळ स्वैर गोंधळ धरला, तर गतीची त्रुटी पाच ते अकरा पट कमी दिसू शकते, असं १९९९ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दाखवलंय. हेक्टरसारखं साधन वापरून गोंधळाचा प्रकार आधी ओळखा, मग त्रुटी काढा. उभ्या दिशेची त्रुटी आडवीच्या सुमारे तिप्पट धरून चला.

आपल्या भागाच्या अडचणी दोन. पावसाळ्यातली वाफ, जी संकेताला उशीर करते आणि तासातासाला बदलते. आणि आयनोस्फियर. विषुववृत्ताजवळच्या आयनोस्फियरची उलथापालथ मुंबईपर्यंत पोहोचते, आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर रिसीव्हरची पकड सुटते. जीपीएसच्या दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींच्या लहरींचं गणित बराचसा परिणाम काढतं, पण तुटलेली नोंद ते जोडू शकत नाही. इथे शेजारच्या आयनोस्फियरवाल्या गटाचा दरवाजा ठोठावा. त्यांना जो संकेत हवा, तो तुमचा कचरा आहे, आणि तुमचा संकेत त्यांचा. चहाच्या वेळी झालेल्या अशा दोन गप्पांतून माझा एक निबंध निघाला.

राहणं

नवीन पनवेल, खांदा कॉलनी आणि कळंबोलीत भाड्याची खोली मिळते. घर ठाण्यात असेल तर ट्रान्स-हार्बरने ये-जा जमते, पण फील्डच्या महिन्यांत जवळच राहिलेलं बरं. बॅटऱ्यांचं सामान घेऊन पहाटेची लोकल नको.

शेवटचे सहा महिने

निबंध दीड वर्ष होण्याआधीच लिहायला घ्या. परीक्षकांची उत्तरं यायला महिने लागतात, आणि पुढच्या अर्जात ‘पाठवला आहे’ पेक्षा ‘स्वीकारला आहे’ याला वजन असतं.

जाताना तुमच्या काळात सुरू झालेल्या किंवा दुरुस्त झालेल्या प्रत्येक स्टेशनाचं एक फोल्डर करून ठेवा. मूळ कच्च्या फायली, रायनेक्स (कुठल्याही सॉफ्टवेअरला चालणाऱ्या सामाईक स्वरूपातल्या) फायली, अँटेनाचा आणि रिसीव्हरचा अनुक्रमांक, यंत्र बदललं असेल तर तारीख, उंचीचे तिन्ही आकडे, टेपचे फोटो, खुणेपर्यंत पोहोचायची वाट आणि गावात ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांचा पत्ता त्यात हवा. सहा महिन्यांनी त्या टेबलावर कुणीतरी नवी व्यक्ती बसेल आणि तुमच्या स्टेशनची अडीच वर्षं तिच्या हातात पूर्ण होतील. निघायच्या आदल्या आठवड्यात एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याला फक्त ते फोल्डर द्या आणि तुमच्या मदतीशिवाय एक दिवसाची मोजणी प्रोसेस करायला सांगा. तो जिथे अडेल, ती माहिती लिहून घ्या आणि फोल्डरमध्ये टाका.